स्वमग्न मुलाची थेरपी विम्यात. आईच्या बुडालेल्या पगाराचं काय?

नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांना वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, थेरपीचा खर्चही त्यात धरला जातो. पण थेरपी वर्षानुवर्षं चालते. मुलाला नेणार-आणणार कोण? बहुधा आईच, नोकरी सोडून. हा बुडालेला पगार कुठल्याच फॉर्मवर विचारला जात नाही.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्ता आहे. मात्र ‘सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. खरी मेख इथेच! केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना 730 दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, दिव्यांग अपत्याला वयाची अट नाही. खासगी नोकरीत कायद्याने अशी रजा नाही. मूल 18चं झालं, की कायदेशीर पालकत्वासाठी आईवडिलांनाच समितीकडे अर्ज करावा लागतो.