पन्हळीतला पाचोळा आणि दुरुस्तीचे अर्थकारण

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी कौले परतावीत आणि पन्हळी साफ कराव्यात, ही कोकणातील जुनी रीत. पन्हळ पोफळीची असो वा पत्र्याची, तीत साचलेला पाचोळा काढल्यावाचून पावसाळ्याला सामोरे जाण्याचे धाडस कोणी करीत नसे. घर ज्याचे, गळतीही त्याचीच, असा तो सरळ हिशेब होता.

शहरातील इमारतीत पन्हळीची जागा गच्चीचा उतार, जाळी आणि भिंतीवरून खाली उतरणारा पाइप यांनी घेतली. काम तेच राहिले. ते कोणी करावयाचे, हे मात्र अनिश्चित झाले. मुंबईतील जुन्या चाळींत त्याचे परिणाम ठळकपणे दिसले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने बहुसंख्य जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. त्या भाड्यात छप्पर राखणे परवडत नाही, असे मालक म्हणू लागला आणि छप्पर मालकाचे, असे भाडेकरू म्हणू लागला. दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने तर्कशुद्ध होते. पाणी तेवढे मुरत राहिले. अखेर १९६९ मध्ये उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापण्याची पाळी शासनावर आली.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत तर मालक आणि रहिवासी एकच. तेथे हा पेच सुटावयास हवा होता. तो सुटलेला नाही, कारण खर्च सर्वांचा असला तरी गळती प्रथम वरच्या मजल्यावरील एकाच घरात होते. खालच्या सभासदांस ती केवळ ऐकीव गोष्ट असते. गच्चीवरील गळतीची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करावी, असे आदर्श पोटनियम सांगतात. दुरुस्ती निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के रक्कम गोळा करावी, असेही सांगतात. म्हणजे अडचण केवळ पैशाची नाही. पाइपाच्या तोंडाशी अडकलेली पिशवी आणि कबुतरांची पिसे काढावयास एका माणसाची फार तर दोन दिवसांची मजुरी लागते. परंतु त्या मजुरीने टळलेले नुकसान हिशेबाच्या कोणत्याच रकान्यात दिसत नाही. न झालेल्या गळतीची पावती कोण देणार?

झालेल्या गळतीचा हिशेब मात्र स्पष्ट आहे. दोनशे चौरस मीटरच्या गच्चीवर दहा सेंटिमीटर पाणी तुंबले, तर त्याचे वजन वीस टन भरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेव्हा दहा सेंटिमीटर ही काही कल्पनेतील भरारी नव्हे. तुंबलेले पाणी स्लॅबमध्ये झिरपते, आतील सळई गंजते, गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून रुजलेले पिंपळाचे रोप पाइपाच्या सांध्यात मुळे खुपसते. शिवाय साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूच्या डासाची पैदास आठ-दहा दिवसांत पुरी होते, आणि हा डास कोणत्याही मजल्याचा भेद करीत नाही.

यात एक दोष कालगणनेचाही आहे. संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावयाची असते. बहुधा ती पावसाळा सरता सरता भरते. साहजिकच तेथे चर्चा होते ती डांबर, जलरोधक लेप आणि लाखोंच्या निविदांची. सफाईची वेळ असते मे महिन्यात, आणि तेव्हा निम्मे सभासद गावी गेलेले असतात. म्हणून हे काम सभेच्या मर्जीवर न ठेवता अंदाजपत्रकातच नोंदविणे इष्ट: मेअखेर एकदा, ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा, आणि मजुरीचे बिल चुकते करण्यापूर्वी त्यावर वरच्या मजल्यावरील रहिवाशाची सही घ्यावी. गच्चीवर चढून पाहण्याची खरी गरज त्यालाच असते.