मान्झानारची चर्चा आणि देवलीचे मौन

निरनिराळ्या देशांतील विद्यार्थी आज संगणकाच्या साहाय्याने जणू एकाच वर्गात बसून इतिहासाची चर्चा करतात. अमेरिकेचा इतिहास हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. कारण त्या देशाच्या निर्णयांचे परिणाम साऱ्या जगाला भोगावे लागतात. कालच्या घटनांची आजच्या घटनांशी तुलना तेथे ओघानेच येते. ही तुलना कशी व्हावी, याविषयी एका उदाहरणाच्या आधारे थोडा विचार करू या.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशानुसार पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरदार सोडून काटेरी कुंपणाआड जावे लागले. कॅलिफोर्नियातील मान्झानार ही अशा दहा छावण्यांपैकी एक. या लोकांपैकी सुमारे दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. फ्रेड कोरेमात्सु या तरुणाने हा आदेश मानला नाही. १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती फ्रँक मर्फी हे कॅथलिक होते. हा उघड वंशद्वेष आहे, असे त्यांनी नोंदवले. पुढे १९८८ साली अमेरिकेने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला २०,००० डॉलर देऊ केले.

मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी १७९८ सालचा परकीय शत्रू कायदा पुन्हा वापरात आणला. गुन्हेगारी टोळीचे सदस्य ठरवून व्हेनेझुएलाच्या अनेक नागरिकांची एल साल्वाडोरच्या तुरुंगात रवानगी करण्यात आली. अशा वेळी विद्यार्थ्यांना मान्झानार आठवणे स्वाभाविक आहे. मात्र दोन्ही घटना एकसारख्या नाहीत. तेव्हा घोषित युद्ध चालू होते, या वेळी तसे युद्ध नव्हते. तेव्हा बहुसंख्य पीडित स्वदेशाचे नागरिक होते, या वेळी ते परदेशी होते. साम्य आहे ते एवढेच, की माणसाचे म्हणणे ऐकून घेण्यापूर्वीच त्याला दोषी ठरवण्यात आले. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही सांगावे लागले, की अशा व्यक्तींना आधी सूचना आणि दाद मागण्याची संधी मिळाली पाहिजे. साम्य आणि भेद दोन्ही मांडले, तरच तुलना प्रामाणिक ठरते.

परंतु प्रामाणिकपणाची खरी कसोटी याहून कठीण आहे. अमेरिकेच्या चुका मोजणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला उद्या दुसऱ्या देशातील मित्राने विचारले, “तुमच्याकडे असे कधी घडले का?” तर तो काय सांगेल? १९६२ च्या चीन युद्धानंतर आसाम, दार्जिलिंग आदी भागांतील चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना आगगाडीने राजस्थानातील देवली येथील छावणीत नेण्यात आले. त्यांत वृद्ध होते, मुले होती, भारतातच जन्मलेली माणसे होती. काही जण १९६७ पर्यंत तेथे अडकून पडले. कित्येकांची घरे व दुकाने परत मिळाली नाहीत. आपल्या शासनाने त्यांची माफी मागितलेली नाही आणि आपल्यापैकी बहुतेकांनी देवलीचे नावही ऐकलेले नाही.

आपल्या मुलांनी अमेरिकेचा इतिहास अवश्य अभ्यासावा. त्या देशाने चूक केली, तशीच उशिरा का होईना, ती कबूलही केली. हा धडाही त्यात आहे. पालकहो, घरी मान्झानारचा विषय निघाला, तर त्याच बैठकीत देवलीविषयीही बोला.