परसातली माती



सहलीवर निबंध लिहायला सांगितला, की तुमच्या बहुतेक वह्यांत एक वाक्य हमखास सापडते : 'आम्ही निसर्ग पाहिला.' जणू निसर्ग महाबळेश्वरला राहतो आणि आपण बसचे भाडे भरून वर्षातून एकदा त्याला भेटायला जातो! माझे मत याच्या उलट आहे. तुमच्या घरामागे मातीची चार हात जागा असेल, तर निसर्ग तुमच्याच घरी राहतो. आपण त्याच्याशी कसे वागतो, एवढाच प्रश्न आहे.

घरापुढच्या मोकळ्या जागेला मराठीत अंगण म्हणतात आणि मागच्या जागेला परस किंवा परसदार. आमच्या घरालाही परस होता. 'होता' म्हणतो, कारण तीन वर्षांपूर्वी मीच त्यावर सिमेंट घातले.

धाकट्या बहिणीचे लग्न ठरले होते. पाहुणे येणार होते. पावसाळ्यात चिखल होतो, कोंबड्या माती उकरतात, मुंग्या स्वयंपाकघरात शिरतात, अशा आमच्या तक्रारी होत्या. मिस्त्री म्हणाला, "मास्तर, दोन दिवसांचे काम आहे." कोपऱ्यात शेवग्याचे झाड होते, उर्दूत आपण त्याला सहजन म्हणतो. ते आड येत होते, म्हणून तोडले. जमीन गुळगुळीत झाली. एक बादली पाणी ओतले, की आरशासारखी चमके. सगळ्यांनी वाहवा केली. अम्मी मात्र काही बोलली नाही.

तिची खाट दुपारी त्या शेवग्याखाली असे. ती तिथे भाजी निवडायची, तांदूळ पाखडायची, कण्या चिमण्यांपुढे टाकायची. शेंगा आल्या, की मोहल्ल्यात वाटायची. पुढच्या एप्रिलमध्ये सिमेंट इतके तापू लागले, की त्यावर अनवाणी पाय ठेवता येईना. अम्मीने खाट आत घेतली. चिमण्याही येईनाशा झाल्या. मला वाटले, दाणे मिळत नाहीत म्हणून असेल. मी दाणे टाकून पाहिले. चिमण्या आल्या, दाणे टिपले आणि उडून गेल्या. थांबल्या नाहीत. पुढे वाचनात आले, की चिमणीला नुसता दाणा पुरत नाही. पिसे साफ ठेवण्यासाठी तिला कोरड्या मातीत अंघोळ करावी लागते, आणि पिलांना भरवण्यासाठी अळ्या व किडे लागतात. आमच्याकडे आता मातीही नव्हती आणि अळीही नव्हती.

चिमणीवरून सलीम अलींची आठवण होते. १८९६ साली जन्मलेले हे थोर पक्षिशास्त्रज्ञ लहानपणी मुंबईच्या खेतवाडीत मामांच्या घरी वाढले. छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारण्याचा त्यांना नाद होता. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही खाणे जायज आहे की नाही, असा प्रश्न त्यांना पडला. मामांनाही तो पक्षी ओळखता आला नाही. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठवले. मिलर्ड साहेबांनी चिमणीचे नाव सांगितले, आणि कपाटे उघडून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. तिथून त्या मुलाचे आयुष्यच बदलले. खेतवाडीच्या घराच्या तबेल्यात चिमण्यांचे एक घरटे होते. तिथे नर कसा पहारा देतो, याची टिपणे त्यांनी त्याच वयात लिहून ठेवली होती. बंदुकीची गोष्ट तुम्ही घेऊ नका, बघण्याची घ्या. त्यांना पहिला धडा मिळाला तो जंगलात नव्हे, घराजवळच्या चिमणीपासून.

मराठीत जिला 'कृतज्ञता' म्हणतात, तिला आपण शुक्र म्हणतो. जेवण झाले, की आपण 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणतो. ते म्हणावेच. पण ज्या मातीने ते जेवण दिले, ती आपण बुजवत असू, तर तो शुक्र फक्त जिभेवर राहिला, असे मला वाटते. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे माणसाने, जनावराने किंवा पाखराने खाल्ले, तर लावणाऱ्याला सदक्याचे पुण्य मिळते, अशी हदीस आहे. ती मी वर्गात कितीदा शिकवली असेल! घरी शेवगा तोडताना मात्र ती आठवली नाही.

पाण्याचेही तसेच. हजरत पैगंबर साहेब एका 'मुद' पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आहे. मुद म्हणजे दोन हातांची भरलेली ओंजळ, लिटरभरसुद्धा नाही. मी एकदा नळाखाली बादली ठेवून वुजू केले आणि मग ते पाणी तांब्याने मोजले. पाच तांबे भरले. दिवसातून पाच वेळा तेवढे पाणी गटारात जात होते. तुम्हीही एकदा मोजून पाहा.

शेजारी मला म्हणतात, "मास्तर, इथे माणसांना राहायला जागा नाही, झाडाला कुठून आणायची?" हे खोटे नाही. मालेगाव-भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावांत एकेका खोलीत मोठमोठी कुटुंबे राहतात. त्यांना झाड लावा असा उपदेश करण्याचा मला हक्क नाही. फार तर डब्यात पुदिना लावा, असे म्हणेन. पण जागा असून केवळ पाय मळू नयेत म्हणून जे ती बुजवतात, त्यांच्याशी माझे भांडण आहे. त्यांत पहिला मीच आहे.

यंदा जूनमध्ये छिन्नी-हातोडा घेऊन मी परसाचा कोपरा फोडला, दोन फूट रुंद आणि तीन फूट लांब. घालायला दोन दिवस लागले होते, एवढेसे फोडायला चार लागले. खालची माती दगडासारखी घट्ट झाली होती. शोधूनही एक गांडूळ सापडले नाही. शेणखत मिसळले. शेवगा फांदीपासूनही वाढतो, म्हणून शेजारच्या झाडाची मनगटाएवढी फांदी मागून आणली आणि लावली. वुजूच्या पाण्यात साबण नसतो. ते पन्हळीने तिकडे वळवले. काही दिवसांनी फांदीला कोंब फुटले.

पाऊस उघडल्यावर एके सकाळी एक चिमणी त्या चौकोनाच्या कोरड्या कडेला बसली, पंख फडफडवून अंगावर माती उडवू लागली. अम्मी दारात उभी राहून बघत होती. तिची खाट अजून आतच आहे. शेवग्याची सावली सध्या एका ताटाएवढीच पडते.