सामानही मावतं, वेगही मिळतो

इस्टेट म्हटलं की आपल्याला आधी जमीनजुमला आठवतो. गाड्यांच्या दुनियेत मात्र इस्टेट म्हणजे जिचं छप्पर थेट मागच्या टोकापर्यंत गेलेलं असतं आणि डिकीचं दार काचेसकट वर उघडतं, अशी लांबुडकी कार. ऑडी तिला अ‍ॅवंट म्हणते, बीएमडब्ल्यू टूरिंग आणि स्कोडा कॉम्बी. आपल्याकडेही ती येऊन गेली. १९९२ची टाटा इस्टेट घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. नंतर मारुतीची बलेनो अल्टुरा आली, २००४मध्ये टाटाची इंडिगो मरीना आली. भारतीय गिऱ्हाइकाचं मन काही रमलं नाही. पुढून कार आणि मागून टेम्पो, असं तिला चिडवणारे काका आमच्याही घरात होते.

युरोपात मात्र याच सामानवाहू गाडीला लोकांनी चक्क शर्यतीत उतरवलं. १९९४च्या ब्रिटिश टूरिंग कार शर्यतींत व्होल्वोने आपली ८५० इस्टेट पळवली, तेव्हा बघणाऱ्यांना आधी हसू आलं होतं. त्याच वर्षी ऑडीने पोर्शच्या मदतीने आरएस २ अ‍ॅवंट बाजारात आणली, ३१५ हॉर्सपॉवरची. ती फक्त मॅन्युअल गिअरमध्ये मिळायची. २००२मध्ये आलेली पहिली आरएस ६ मात्र फक्त ऑटोमॅटिकमध्येच मिळू लागली. खरा ड्रायव्हर स्वतःच्या हातानेच गिअर टाकतो, ही समजूत तिथून सैल पडत गेली असं मला वाटतं.

ही समजूत घराघरांत अजून आहे, आणि तिचा त्रास कुणाला होतो ते मी माझ्या मावसबहिणीकडे पाहिलं. ताई म्युनिकजवळ राहते. भारतीय लायसन्सवर जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिनेच गाडी चालवता येते. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा तिथल्या द्याव्या लागतात. ताईने प्रत्यक्ष परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली, त्यामुळे तिच्या लायसन्सवर तशी नोंद आहे: फक्त ऑटोमॅटिक. गिअरची आणि बिनगिअरची ही फोड आपल्याला दुचाकीच्या लायसन्सवरून ओळखीची आहे, तिथे ती कारलाही लागू होते.

मग गाडी घ्यायची वेळ आली. दोन मुलं, त्यांच्या दोन चाइल्ड सीट, बाबागाडी, आठवड्याचा किराणा. त्यामुळे कॉम्बीवर दोघांचं एकमत होतं. भावजींना वेगाची हौस, म्हणून स्कोडा ऑक्टेव्हियाची आरएस कॉम्बी ठरली: २ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २४५ हॉर्सपॉवर. हे मॉडेल तेव्हा सहा गिअरच्या मॅन्युअलमध्येही मिळायचं आणि सात गिअरच्या डीएसजी ऑटोमॅटिकमध्येही. भावजींचं मन मॅन्युअलवर. ताईने एवढंच विचारलं, “मग मी काय कायम शेजारच्या सीटवर बसायचं?” डीएसजी आली. आता मुलांना पाळणाघरात सोडायला रोज ताईच ती चालवते.

या गिअरबॉक्सची गंमत समजून घेण्यासारखी आहे. आत दोन क्लच असतात. एकाकडे एक, तीन, पाच, सात हे गिअर आणि दुसऱ्याकडे दोन, चार, सहा. गाडी तिसऱ्यात पळत असताना चौथा आधीच लागून तयार असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, आणि झटका जाणवत नाही. म्हणूनच हिला शून्यावरून शंभरचा वेग गाठायला सात सेकंदही लागत नाहीत, आणि त्यासाठी चालवणाऱ्याला पायाखाली कसरत करावी लागत नाही. डावा पाय तर पूर्ण रिकामा. तो रिकामाच ठेवायचा; क्लचची सवय असलेला डावा पाय ब्रेकवर पडला की गाडी जागच्या जागी थबकते आणि मागचा हॉर्न वाजवतो.

ब्रेक सोडला की ऑटोमॅटिक स्वतःहून हळूहळू पुढे सरकते, हे नव्या माणसाला आधी माहीत हवं. चढावर उभी करताना आधी ब्रेक दाबून हँडब्रेक लावायचा, मग लिव्हर ‘पी’वर न्यायचा, म्हणजे गाडीचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या छोट्याशा खिट्टीवर येत नाही. आणि रांगेत इंचाइंचाने सरकण्यापेक्षा पुढे चांगली जागा मोकळी होऊ द्यावी, मग एकदम जावं. क्लच दिसत नसला तरी आत झिजतोच.

मी गेले होते तेव्हा आम्ही कोखेलहून वाल्खेन तलावाकडे गेलो. मधला केसेलबर्गचा घाट अगदी आपल्या घाटांसारखा वळणावळणाचा. डिकीत चार जणांचं दोन दिवसांचं सामान, मागे पेंगणारी मुलं, आणि चालवणारी ताई. उंच एसयूव्हीत अशा वळणांवर अंग एका बाजूला झुकतं, पोटात ढवळतं. ही गाडी जमिनीलगत असल्याने ते जवळपास झालंच नाही. उतरताना ताई स्टिअरिंगमागची डावी पट्टी ओढून गिअर खाली आणत होती. इंजिनच गाडीला आवरतं आणि ब्रेक तापत नाहीत. ऑटोमॅटिक आहे म्हणून घाटातही सगळं गाडीवर सोपवणारे आपल्याकडे पुष्कळ दिसतात. त्यांनी एवढं तरी शिकून घ्यावं.

डिकी ६४० लिटरची. मागच्या सीट पाडल्या तर १७०० लिटरपर्यंत जागा होते. पण इस्टेटमध्ये सामान आणि माणसं एकाच खोलीत असतात, मध्ये पत्र्याची भिंत नसते. जड बॅग तळाशी, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून. वर काही रचलं असेल तर जाळी लावूनच. जोराच्या धडकेत मोकळी वस्तू तिच्या वजनाच्या कित्येक पट जोराने पुढे येते, आणि पुढे मुलांची डोकी असतात. ताईकडे पाण्याची बाटलीसुद्धा डिकीत मोकळी ठेवू देत नाहीत. मला आधी हे अति वाटलं होतं.

खर्चाचंही बोलू. शांतपणे चालवली तर शंभर किलोमीटरला साडेसात-आठ लिटर पेट्रोल जातं, म्हणजे आपल्या हिशोबाने लिटरला साधारण १३ किलोमीटर. ऑटोबानवर भावजींच्या हाती आली की दहा लिटरच्या पुढे. रुंद, पातळ कडांचे टायर महाग पडतात आणि खड्ड्यात लवकर दगा देतात. सस्पेन्शनही कडक, मागच्या सीटवर बसलेल्या मावशीने परतल्यावर कमरेबद्दल जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आपल्याकडे अशी गाडी नवी कोरी, जमेल त्या किमतीत मिळणं कठीण. ऑडीने २०१५मध्ये आरएस ६ अ‍ॅवंट भारतात आणली, पण किंमत सव्वा कोटीच्या वर. व्होल्वोची व्ही ९० क्रॉस कंट्री २०१७मध्ये आली, तीही साठ लाखांच्या घरात. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना कर कमी, आणि ही जवळपास ४.७ मीटर लांब. त्यात आपले गतिरोधक. ऑक्टेव्हिया आरएस २०२५मध्ये पुन्हा भारतात आली ती फक्त १०० गाड्यांपुरती, तीही कॉम्बी नव्हे. तरी तिचं मागचं दार काचेसकट उघडतं आणि डिकी ६०० लिटरची आहे.

जुनी आरएस घ्यायचा विचार असेल तर गिअरबॉक्सच्या तेलाची नोंद आधी मागा. सहा गिअरच्या डीएसजीत क्लच तेलात बुडालेले असतात आणि ते तेल दर ६० हजार किलोमीटरला बदलावं लागतं. मग गाडी थंड असताना सुरू करून पाहा, सपाट रस्त्यावर अगदी सावकाश चालवा, पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना थरथरते का ते बघा. आणि ती चक्कर घरात जो गाडी रोज चालवणार आहे, त्यालाच किंवा तिलाच मारू द्या.