गंजाडहून दिसलेले लोकयुद्ध

पालघरचा हुतात्मा स्तंभ १४ ऑगस्ट १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पडलेल्या पाच जणांचा आहे. तलासरी भागातील तलवाडा येथे १० ऑक्टोबर १९४५ रोजी पोलिसांच्याच गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी चार आदिवासी पडले. दोन्ही ठिकाणी सरकार एकच होते. जिल्हाही तेव्हा एकच, ठाणे. पण पहिल्या पाच जणांची गणना राष्ट्रीय लढ्यात झाली आणि दुसऱ्या पाच जणांची लाल बावट्याच्या खात्यात. ही वाटणी कोणी केली आणि का केली, याचा विचार १९४२ च्या लोकयुद्धाच्या धोरणाकडे पुन्हा पाहिल्यावाचून होऊ शकत नाही.

या धोरणाविषयी समाजवादी कार्यकर्त्यांच्या मनात असलेला राग जुना आहे, आणि तो अनाठायी नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही लोकप्रतिनिधीला न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढले, तेव्हा त्याला रस्त्यावरचे पहिले मोठे उत्तर मुंबईच्या कामगारांनी दिले. २ ऑक्टोबर १९३९ चा सुमारे ९० हजार गिरणी कामगारांचा युद्धविरोधी संप कम्युनिस्टांच्या पुढाकाराने झाला, हे कोणाही समाजवाद्याने नाकारू नये. श्यामराव आणि गोदावरी परुळेकर १९४० साली तुरुंगात गेले ते याच युद्धविरोधी प्रचारापायी. म्हणजे हे युद्ध साम्राज्यशाहीचे आहे आणि त्याचा भार गरिबांवर पडणार आहे, हे या पक्षाला इतर अनेकांच्या आधी कळले होते.

मग २२ जून १९४१ उजाडला. हिटलरच्या फौजा सोव्हिएत रशियात घुसल्या. काही महिने पक्षात वाद चालला आणि वर्षअखेरीस निर्णय झाला की साम्राज्यशाही युद्धाचे आता लोकयुद्ध झाले आहे. जुलै १९४२ मध्ये सरकारने पक्षावरील बंदी उठवली. पुढे दोन-तीन आठवड्यांत, ८ ऑगस्टला, गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव आला तेव्हा काँग्रेस महासमितीतील कम्युनिस्ट सभासदांनी विरोधी मत दिले. विरोधात एकूण तेरा मते पडली. गांधीजींनी त्याच रात्रीच्या भाषणात या तेरा जणांचे अभिनंदन केले, ही गोष्ट समाजवादी सभांतून सहसा सांगितली जात नाही; ती सांगितली पाहिजे. विरोधी मत देणे हा अपराध नव्हता. अपराध त्यानंतरचा. देशातील पुढारी तुरुंगात, जयप्रकाश हजारीबागच्या भिंतीवरून उडी टाकून निसटलेले, अच्युतराव आणि अरुणाबाई भूमिगत, आणि अशा वेळी या पक्षाची पत्रे भूमिगतांना पंचमस्तंभी ठरवीत होती, सुभाषबाबूंची चित्रे जपान्यांच्या हातातील बाहुले म्हणून छापीत होती. कारखान्यांत संप नको, उत्पादन वाढवा, असा आदेश होता. काल ज्यांनी ९० हजार कामगार बाहेर काढले, त्यांनीच आज कामगारांना यंत्रावर उभे राहण्यास सांगावे, हे पाहून गिरणगावातील साध्या माणसाला काय वाटले असेल?

आता दुसरी बाजू. फॅसिझमची भीती खोटी नव्हती. हिटलर जिंकला असता तर वसाहतींना स्वातंत्र्य मिळाले असते असे मानणे भाबडेपणाचे होते, आणि मार्च १९४२ मध्ये रंगून घेणारे जपानी सैन्य मुक्तिदाता म्हणून येत नव्हते. जवाहरलालांच्या मनाची घालमेल याच कारणाने होत होती. तेव्हा कम्युनिस्टांनी दूरवर पाहिले म्हणून त्यांना दोष देणे बरोबर नाही. दोष हा की त्यांनी फक्त दूरवर पाहिले. युद्धाचे स्वरूप बदलले की नाही याचा निकाल त्यांनी मॉस्कोच्या वेशीवरून दिला. तोच प्रश्न डहाणूपासून आठ-दहा मैल आत असलेल्या गंजाडमध्ये उभे राहून विचारला असता तर वेगळे उत्तर मिळाले असते.

गंजाडचे नाव आज जिव्या सोमा म्हशे यांच्या पांढऱ्या रेषांमुळे जगाला ठाऊक आहे. युद्धकाळात जिव्या हे आठ-दहा वर्षांचे पोर होते, आणि त्या चित्रांत जो भात, जे गवत, जो फेर धरलेला समाज दिसतो, त्यातील भात आणि गवत तेव्हा वारल्यांच्या मालकीचे नव्हते. या भागाची स्थिती सायमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्यानेच १९३९ च्या अहवालात नोंदवून ठेवली आहे. जमीनदार बोलावील तितके दिवस कामाला जायचे, नकार दिला तर मार खायचा. मोबदला फार तर दिवसाला एक आणा, आणि पुष्कळदा तोही नाही, एका माणसाच्या एका जेवणाला जेमतेम पुरेल इतके तांदूळ. लग्नासाठी कर्ज काढले की नवराबायको दोघेही लग्नगडी होऊन सावकाराच्या दारी बांधले जात. पावसाळ्यात खावटी घ्यायची आणि खळ्यावरच वाढीव फेडायची.

अशा माणसाच्या झोपडीत जागतिक युद्ध शिरते ते तोफेच्या आवाजाने नव्हे, भावाच्या रूपाने. ब्रिटिश सरकार हिंदुस्थानात युद्धासाठी माल खरेदी करी, त्याची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या खात्यावर जमा होई, आणि त्या जमेच्या आधारावर येथे नोटा छापल्या जात. युद्ध संपेपर्यंत चलनातील नोटा सुमारे सहापट झाल्या, आणि लंडनमध्ये हिंदुस्थानचे सुमारे सतराशे कोटी रुपये साचले. हिशेबाच्या वहीत हा देश सावकार झाला होता! प्रत्यक्षात ते कर्ज कोणी दिले? ज्याची मजुरी आण्यात ठरलेली होती त्याने, कारण आणा तेवढाच राहिला आणि धान्य चढले. ब्रह्मदेश गेल्यावर तेथला तांदूळ थांबला आणि रॉकेलही. कापड दुर्मीळ झाले. खावटी देणाऱ्याच्या घरातील भात दर महिन्याला महाग होत होते, आणि घेणाऱ्याच्या अंगातील श्रम मात्र जुन्या भावानेच मोजले जात होते. बंगालमध्ये याच यंत्रणेने १९४३ साली दुष्काळ घडवला. चौकशी आयोगाने पंधरा लाख मृत्यू धरले, पुढच्या अभ्यासकांनी तीस लाखांपर्यंत.

बंगालमध्ये कम्युनिस्टांनी लंगरे चालवली, चित्तप्रसाद यांनी भुकेलेल्या माणसांची चित्रे काढून देशापुढे ठेवली. हे काम मोठे होते. पण पक्षाच्या प्रचाराचा मुख्य रोख साठेबाजावर राहिला. साठेबाज दोषी होताच. तथापि ज्या युद्धखर्चाने साठेबाजीला ऊत आणला, त्या खर्चालाच हात घालणे पक्षाला अवघड होते, कारण युद्ध आता लोकांचे ठरले होते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने लोकयुद्धाच्या धोरणाचा सर्वांत मोठा तोटा हाच म्हणावा लागेल. रोग दिसत असून त्याचे नाव घेण्याची सोय उरली नाही.

येथे इतिहास समाजवाद्यांच्या सोयीने चालत नाही. याच धोरणामुळे पक्ष कायदेशीर झाला, परुळेकर दांपत्य बाहेर आले, आणि ज्या काळात काँग्रेस व समाजवादी कार्यकर्ते तुरुंगात किंवा भूमिगत होते त्या काळात किसान सभेला खेड्यांत मोकळेपणी हिंडता आले. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेला काही वारली आले. ८ मे रोजी युरोपातील युद्ध संपले, आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी गावी हजारो वारली जमले. फुकट वेठ करायची नाही, बारा आणे रोजाशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल टाकायचे नाही, असे तेथे ठरले. एक आणा आणि बारा आणे, या दोन आकड्यांमध्ये सायमिंग्टनच्या अहवालापासून झरीपर्यंतची सहा वर्षे आहेत. मग गवत कापणीचा संप आला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी, मुंबईच्या तबेल्यांकडे जाणारे गवत उभेच्या उभे, आणि तलवाड्याची गोळी.

हाच संप १९४३ साली पुकारता आला असता काय? सिद्ध करता येणार नाही, पण संशय घेण्यास जागा आहे. उत्पादनात खंड नको असे मुंबईत सांगणाऱ्या पक्षाने डहाणूत गवत अडवले असते, असे वाटत नाही. युद्ध सांभाळण्याची जबाबदारी डोक्यावरून उतरली तेव्हाच हे कार्यकर्ते वारल्यांच्या मागण्यांबरोबर सरळ चालू लागले, आणि चालू लागले तेव्हा त्यांनी जे उभे केले ते महाराष्ट्रात दुसऱ्या कोणत्याही पक्षाला आदिवासी भागात उभे करता आले नाही. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक समाजवादी अभ्यासवर्गात लावले पाहिजे. त्यात लोकयुद्धाच्या धोरणाचे उत्तर शोधू नये. कार्यकर्त्याने ऐकायचे कसे, हे शोधावे.

आणि समाजवादी? बेचाळीसचे वीर डहाणूच्या जंगलात गेले नाहीत. १९४६ साली मुंबईत खेर मंत्रिमंडळ आले, गृहखाते मोरारजींकडे होते, आणि परुळेकरांवर हद्दपारीचा हुकूम निघाला. समाजवादी तेव्हा काँग्रेसमध्येच होते. १९४८ मध्ये बाहेर पडले. वारल्यांच्या बाजूने त्यांचा आवाज जेवढा उठायला हवा होता तेवढा उठला नाही. बेचाळीसचा राग त्यांच्या कानांत कापूस होऊन बसला होता. १९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हाही तसेच. पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने चिनी आक्रमणाचा निषेध केला होता, तरी बेचाळीसच्या जोरावर संशयाला बळ मिळाले आणि धरपकड सुरू झाली. पुढे स्थानबद्ध झालेले श्यामराव परुळेकर १९६५ साली कैदेतच वारले. एका चुकीचा दंड किती वर्षे आणि कोणाकडून वसूल करायचा, याचाही हिशेब कधीतरी बंद करावा लागतो.

जुलै २०२५ मध्ये गाझातील नरसंहाराविरुद्ध आझाद मैदानावर सभा घेण्याची परवानगी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने मागितली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळताना आपल्याच देशातील प्रश्नांकडे पाहण्याचा उपदेश केला. काही जुन्या समाजवाद्यांना त्यात बेचाळीसचे समाधान वाटले असेल, तर ते चुकीचे आहे. परदेशातील युद्धाकडे पाहणे हे पक्षाचे पाप कधीच नव्हते. ज्या पक्षाचा आमदार आज डहाणूतून निवडून येतो, त्याला गाझाही पाहता आला पाहिजे आणि गंजाडही. त्याच्याकडे मागायचे ते एवढेच की बेचाळीसची चूक 'परिस्थितीजन्य' अशा शब्दांत गुंडाळून ठेवू नये. ती नावानिशी कबूल करावी, विशेषतः कोवळ्या कार्यकर्त्यांसमोर. कारण युद्धाच्या प्रश्नावर दिल्लीतील सरकारमागे रांग लावण्याची घाई आज सर्वच विरोधी पक्षांना होते, आणि त्या घाईत महागाईचा, मृतांचा आणि खर्चाचा प्रश्न विचारणे राहून जाते.

पालघर जिल्ह्यातील समाजवादी कार्यकर्त्यांनी येत्या १० ऑक्टोबरला तलवाड्यास जावे. निमंत्रणाची वाट पाहू नये. आणि १४ ऑगस्टला पालघरच्या स्तंभापाशी लाल बावट्याच्या कार्यकर्त्यांना बोलवावे, भाषण करू द्यावे, आणि त्या भाषणात बेचाळीसचा विषय निघाला तर मध्येच उठून जाऊ नये.