विश्लेषण : समृद्धी दाराशी आली, उद्योग वाशीमला का थांबत नाहीत?

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. वाशीम जिल्ह्यात कारंजा, शेलुबाजार आणि मालेगाव येथे त्यावर चढता-उतरता येते. अकोला-पूर्णा रेल्वेमार्गही ब्रॉडगेज आहे. तरीही इथले सोयाबीन बहुतांश कच्चेच बाहेर जाते आणि आयटीआय झालेली मुले पुणे, छत्रपती संभाजीनगरची वाट धरतात. मग अडले कुठे?

जिल्ह्याचा आवाज विभागलेला कसा?

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. पण लोकसभेच्या नकाशात तो एकसंध नाही. वाशीम आणि कारंजा हे विधानसभा मतदारसंघ यवतमाळ-वाशीममध्ये, तर रिसोड अकोल्यात. म्हणजे एका मतदारसंघात सहापैकी दोन जागा, दुसऱ्यात सहापैकी एक. दोन खासदार असूनही केवळ वाशीमच्या मतांवर निवडून येणारा एकही नाही. दिल्लीत मोठ्या प्रकल्पासाठी ठाण मांडायचे, तर ते कोणी?

पालकमंत्र्यांचा प्रश्न काय?

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे असते. निधी कुठल्या कामाला आधी द्यायचा, याचा निर्णय तिथे होतो. जानेवारी २०२५ मध्ये ही जबाबदारी कोल्हापूर जिल्ह्यातील हसन मुश्रीफ यांच्याकडे आली. काही महिन्यांतच ती इंदापूरचे दत्तात्रय भरणे यांच्याकडे गेली. प्रश्न व्यक्तींचा नाही. राज्याच्या दुसऱ्या टोकाहून येणारा मंत्री झेंडावंदन आणि बैठकीपुरताच जिल्ह्यात दिसला, तर औद्योगिक वसाहतीच्या पाण्याचा पाठपुरावा करणार कोण, हा आहे.

निवडणुका लांबल्याने काय बिघडले?

ओबीसी आरक्षणावरील सर्वोच्च न्यायालयाचा ४ मार्च २०२१ चा निकाल ज्या जिल्हा परिषदांच्या निवडणुकांतून निघाला, त्यात वाशीमही होती. पुढे हा प्रश्न राज्यभर चिघळला आणि बहुतांश नगर परिषदांवर वर्षानुवर्षे प्रशासक राहिले. नगर परिषदांचे मतदान अखेर डिसेंबर २०२५ मध्ये झाले. समृद्धीचा पहिला टप्पा सुरू झाला, तो याच काळात. ज्या वर्षांत शहरांनी स्वतःची आखणी करायची, नेमक्या त्याच वर्षांत सभागृहे रिकामी होती. प्रशासक रोजचा कारभार चालवतो. पुढच्या वीस वर्षांचे शहर कसे असावे, यावर लोकांसमोर वाद घालणे हे त्याचे काम नव्हे.

उद्योजकाला स्थानिक राजकारणाशी काय देणे-घेणे?

सवलती मुंबईत ठरतात, भूखंड एमआयडीसी देते, हे खरे. परवानग्यांसाठी ‘मैत्री’ ही एक खिडकी यंत्रणा असून २०२३ मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला. पण कारखाना गावात उभा राहतो. पोचरस्ता, पाणी, सांडपाणी, जमिनीची मोजणी, मालमत्ता कर ही कामे तालुक्यातच होतात. शिवाय वसाहतीचा विस्तार कुठे करायचा यावर प्रत्येक तालुक्याचा नेता आपलेच गाव पुढे करू लागला, की निर्णयच लांबतो. मजुरांचे आणि वाहतुकीचे कंत्राट ‘आपल्याच माणसाला’ द्या, असा आग्रह झाला, तर लहान उद्योजक मुकाट्याने दुसरीकडे जातो. त्याच्या जाण्याची बातमीही होत नाही.

दोष फक्त राजकारणाचा का?

नाही. वाशीम शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ७८,३८७ होती. बाजारपेठ लहान, कुशल कामगार कमी, पाण्याची ओढ कायमची. शेजारच्या अमरावतीत नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क आले. २० सप्टेंबर २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. पण अमरावती विभागाचे मुख्यालय आहे आणि तिथे वस्त्रोद्योग आधीपासून होता. ही तुलना सरळ नाही. मात्र ठरवले तर वाशीमलाही होते. पोहरादेवीचे बंजारा विरासत संग्रहालय उभे राहिले आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच्या उद्घाटनाला पंतप्रधान आले. त्यामागे समाजाचा रेटा होता. उद्योगासाठी असा रेटा आजवर दिसलेला नाही.

मग करायचे काय?

नवी योजना मागण्याआधी आहे ती यंत्रणा जागी करावी. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा उद्योग मित्र समिती उद्योजकांच्या अडचणी सोडवण्यासाठीच आहे. तिची बैठक दर महिन्याला व्हावी. किती अर्ज आले, किती दिवस अडकले, कोणत्या कार्यालयात अडकले, हे जाहीर व्हावे. तीनही आमदार आणि दोन्ही खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून सोयाबीन प्रक्रियेसाठी एकच जागा आणि एकच मागणी ठरवावी. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. गावाजवळ कायमचा खरेदीदार असला, तर हा भाव कागदावरून शेतकऱ्याच्या हातात पडण्याची शक्यता वाढते.

नगर परिषदेत पाच वर्षांसाठी बसलेल्यांना मतदारांनीही एक प्रश्न विचारावा : तुमच्या काळात किती भूखंडांवर प्रत्यक्ष शेड उभे राहिले? उद्घाटनाच्या फलकांची संख्या हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.