सातबाऱ्यावर न चढलेलें सूत

महसूल खात्यांतील माझी बहुतेक नोकरी गांवनमुने तपासण्यांत गेली. नमुना बारांत पिकाची नोंद होते; माण-खटावच्या डोंगराळ मुलखांतील बायका लोकरीचें जें सूत कातीत आल्या, त्याची कोठेंच होत नाहीं. नमुना पिकांचा, म्हणून त्यास दोष देतां येत नाहीं. परंतु जें कागदावर नाहीं, तें हळूहळू मनांतूनहि उतरतें.

घोंगडें सणगर विणतो, हें सर्वांस ठाऊक आहे. पण दख्खनी मेंढीची लोकर आंखूड व जाडीभरडी. ती निवडणें, पिंजणें, रहाटावर कातणें, ताण्यास चिंचोक्याची खळ देणें, हीं कामें बहुतांशीं घरच्या स्त्रियांनीं चूलपाणी उरकून केलीं. माझ्या पाहण्यांत घोंगड्याचा भाव ठरतांना लोकर धरली जाई, मागाची मजुरी धरली जाई. कातणें मात्र घरचें, म्हणून फुकट! मग लेकीसुना रहाटावर कशास बसतील?

कातणारी उठली, तशी लोकरीची मागणी गेली. आज कातरणीचा खर्चहि लोकरींतून निघत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं ती जागींच टाकून देतात. म्हणून मेंढपाळ जतकडील माडग्याळ जातीकडे वळत आहेत. ही मेंढी उंच व मांसाची. अंगावर लोकर अगदीं थोडी.

कोणी म्हणेल, खत तर तीहि देते. शेतकऱ्याचें काय गेलें? गेलें तें असें कीं, रखरखीत माळावर तग धरणारी आपली दख्खनी मेंढी मागें पडते, आणि गरीब घरांतील बाईच्या हातचें काम जातें. गिरणीचें कांबळें स्वस्त मिळतें, हें मला मान्य आहे. परंतु त्याचा पैसा मुलखाबाहेर जातो. घोंगड्याचा पैसा मेंढपाळ, कातणारी व सणगर यांच्या घरीं राहतो, आणि तोच कळप सुगीनंतर आपल्या रानांत बसावयास येतो.

माझी सूचना साधी आहे. संघानें सभासदांची घोंगड्यांची मागणी एकत्र नोंदवून ती थेट सणगरांकडे द्यावी, आणि भावाच्या हिशेबांत पहिली ओळ कातणाऱ्या बाईच्या रोजाची लिहावी. खुरपणीस बाई बोलावतांना आपण रोज आधीं ठरवितों. रहाटावर बसलेल्या बाईचा दिवस तेवढाच मोठा असतो.